शॉर्टहँडचा शंभरचा स्पीड (मिनिटाला शंभर शब्द) दीड वर्ष अडला होता, तो ज्या डिक्टेशन बॅचने हलवला तिचा सात महिन्यांचा रिव्ह्यू

आधीच सांगते, क्लासचं नाव आणि नंबर टाकणार नाहीये. शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्ट नको म्हटलंय, त्या बारा जणांच्या वर घेत नाहीत आणि दारात आलेल्याला नाही म्हणायला त्यांना जड जातं. पुण्यात शनिवार पेठेत एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर एक खोली आहे, तिथे संध्याकाळी साडेसहा ते आठ फक्त डिक्टेशनची बॅच चालते, म्हणजे एकाने वाचायचं आणि आपण ते शॉर्टहँडमध्ये टिपायचं. बाई कोर्टातून स्टेनो म्हणून रिटायर झालेल्या. त्यामुळे हा रिव्ह्यू वाचून तुम्ही तिथेच जाल असं नाही, पण तुमच्या गावात कुणी असं डिक्टेशन देत असेल तर त्यात काय बघायचं हे तरी कळेल, मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर माझं दीड वर्ष वाचलं असतं.

माझं असं होतं की ऐंशीचं सर्टिफिकेट हातात होतं, इंग्रजी शॉर्टहँड, आणि दिवसा शिवाजीनगरला एका वकिलांकडे टायपिंगचं काम. ऐंशीवर लघुटंकलेखकाच्या जागेला फॉर्म भरता येतो पण निम्नश्रेणी लघुलेखकाला १०० लागतो आणि उच्चश्रेणीला १२०, शिवाय टायपिंग इंग्रजी ४० किंवा मराठी ३० ते वेगळंच. म्हणजे ८० आणि १०० मध्ये जे वीस शब्द आहेत त्यावर माणसाचं पद, पगार सगळं बदलतं. आणि हेच वीस शब्द सुटत नाहीत. ६० वरून ८० ला मी चार महिन्यांत गेले होते, मला वाटलं १०० पण तसाच होईल, रोज दोन तास केलं की झालं.

तर मी रोज दोन तास केलं. मोबाईलवर फुकट डिक्टेशन भरपूर मिळतात, ८०, ९०, १००, सगळ्या स्पीडची, कानात हेडफोन घालून लिहायचं. ऐंशीचा ऑडिओ सव्वापट केला की बरोबर १०० होतो, दीडपट केला की १२०, हा हिशोब लक्षात आल्यावर तर मला खजिनाच सापडल्यासारखं झालं आणि मी त्याच त्याच पंधरा-वीस ऑडिओवर स्पीड वाढवत बसले. काही दिवसांनी १२० पण लिहून व्हायचं. मग ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने पेपरमधला अग्रलेख घड्याळ लावून १०० ने वाचला आणि मी तिसऱ्या ओळीतच मागे पडले. तेव्हा कळलं की ते उतारे मला पाठ झाले होते. 'माननीय सभापती महोदय' नंतर काय येणार हे कानाला आधीच माहीत असायचं, हात त्या आठवणीवर चालत होता. नवीन उताऱ्यात माझा खरा स्पीड पंचाहत्तरच्या आसपास होता, म्हणजे सर्टिफिकेटपेक्षाही कमी.

या क्लासमध्ये पहिल्या दिवशी डिक्टेशन झालंच नाही. बाई म्हणाल्या, तुझी जुनी वही आणलीस ना, दे. मधलंच एक पान उघडलं आणि म्हणाल्या, "वाच." दोन महिन्यांपूर्वीचं पान. मी पहिल्या ओळीत तीनदा थांबले. एक आउटलाइन, म्हणजे शब्दासाठी काढलेली शॉर्टहँडची खूण, तर मी माझ्याच अक्षरातली ओळखू शकले नाही. बाईंनी मध्ये काहीच मदत केली नाही, अर्धं पान होईपर्यंत शांत बसल्या आणि मग म्हणाल्या, "अगं, लिहितेस ऐंशीने आणि वाचतेस वीसने. जे वाचता येत नाही ते तू लिहिलंच नाहीस." त्या दिवशी घरी जाताना मला रडू आलं होतं खरं, कारण दीड वर्षात मी एकदाही लिहिलेलं पूर्ण वाचून काढलं नव्हतं. उतारा संपला की पुढचा लावायचा, एवढंच केलं होतं. किती वह्या भरल्या याचा अभिमान होता.

या बॅचबद्दल मला जे सांगायचंय ते खरं तर हेच आहे. डिक्टेशन आज कुठेही फुकट मिळतं, त्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही. पैसे देऊन जे मिळतं ते म्हणजे तुमची वही बघणारा माणूस, आणि तुम्हाला वाचायला लावणारा माणूस. तो नसेल तर मोठा हॉल, माईक, एसी, छापील नोट्स काहीही असो, तो क्लास नुसता ऑडिओच आहे.

रोजचं कसं चालतं ते सांगते, यात बारकावे आहेत. ५०० शब्दांचा एक नवीन उतारा. बाईंच्या हातातल्या कागदावर तीन रंगांच्या खुणा असतात, दर वीस शब्दांवर निळी, पंचवीसवर लाल, तीसवर हिरवी. समोर स्टॉपवॉच. पंधरा सेकंदाला निळी खूण आली की ८०, लाल आली की १००, हिरवी आली की १२०. पहिल्यांदा पूर्ण उतारा ऐंशीने, सव्वासहा मिनिटं. मग लगेच वाचन, प्रत्येकाने चार-पाच ओळी मोठ्याने, आणि जिथे अडला तिथे फळ्यावर ती आउटलाइन. मग तोच उतारा तोडून एकेका मिनिटाचे तुकडे, प्रत्येक तुकडा आधी १०० ने मग १२० ने. या १२० च्या वेळी निम्मं सुटतं, सुटू दे म्हणतात, हात थांबवायचा नाही. आणि शेवटी पूर्ण उतारा परत शंभरने, पाच मिनिटं. १२० ने धाप लागल्यावर तेच १०० जेव्हा येतं ना तेव्हा शब्दांच्या मध्ये जागा असल्यासारखी वाटते, हे सांगून पटत नाही, स्वतः करून बघा.

पण नवीन उतारा दुसऱ्या दिवशी येतोच. जुना उतारा परत लिहायचा तो घरी, आणि तो सुद्धा फक्त अडलेल्या शब्दांसाठी. त्याची पण पद्धत आहे. लिहिताना जिथे हात क्षणभर थबकला तिथे शेजारच्या समासात बारीक फुली मारायची आणि पुढे जायचं, शब्द आला नाही तर तेवढी जागा मोकळी सोडायची, पण मागे वळायचं नाही. मी आधी काय करायचे, एक शब्द सुटला की तो आठवत बसायचे आणि त्यात पुढचे आठ जायचे. घरी गेल्यावर फुलीवाले शब्द वहीच्या मागच्या बाजूला उतरवायचे, पुस्तकातून किंवा डिक्शनरीतून बरोबर आउटलाइन बघायची आणि प्रत्येकीची एक ओळ, तोंडाने शब्द म्हणत. माझ्या पहिल्या आठवड्यात एका उताऱ्यात पस्तीस-चाळीस फुल्या असायच्या. जुरिस्डिक्शन, नॉटविथस्टँडिंग, सर्कमस्टन्सेस, सब्सिक्वेंटली, हे माझे नेहमीचे. आता चार-पाच असतात. माझा हात दीड वर्ष हळू होता असं मला वाटायचं पण हात हळू नव्हताच, त्या पस्तीस ठिकाणी डोकं थांबत होतं. एक थांबा एक सेकंदाचा धरला तरी पाच मिनिटांत अर्ध्या मिनिटाच्या वर गेलंच की.

आता आउटलाइनचं. पिटमनमध्ये, म्हणजे आम्ही लिहितो त्या शॉर्टहँडच्या पद्धतीत, जाड-बारीक रेषेवर सगळं आहे हे पहिल्या धड्यातच शिकवतात, बारीक तिरपी रेघ म्हणजे प आणि तीच जाड केली की ब, तसंच ट-ड, क-ग. मी सोयीसाठी बॉलपेन वापरायला लागले होते. बाईंनी तो पहिल्याच दिवशी बॅगेत ठेवायला लावला. बॉलपेनने 'प्राइड' आणि 'ब्राइड' सारखंच दिसतं, 'कोस्ट' आणि 'घोस्ट' सारखंच, संदर्भावरून लागेल असं आपण म्हणतो पण परीक्षेत ट्रान्सक्रिप्शनला, म्हणजे शॉर्टहँड परत साध्या लिपीत उतरवताना, संदर्भ शोधत बसायला वेळ नसतो. एचबी पेन्सिल, चार टोक करून समोर, मऊ कागदाची वही. मी अप्पा बळवंत चौकातून एकदम डझनभर वह्या घेतल्या, तिथे दोन-तीन दुकानांत कागद हाताने बघून घ्या, गुळगुळीत चकचकीत कागदावर पेन्सिल घसरते आणि जाड रेघ उमटतच नाही.

पोझिशनचं पण तसंच. ओळीच्या वर, ओळीवर की ओळीतून, यावरून स्वर कळतो म्हणून तर स्पीडमध्ये स्वरचिन्हं गाळता येतात. साधं छोटं वर्तुळ, ओळीच्या वर काढलं तर 'अ‍ॅज' किंवा 'हॅज', ओळीवर काढलं तर 'इज' किंवा 'हिज'. माझी सगळी वर्तुळं ओळीच्या जरा वर तरंगायची, ना इकडची ना तिकडची. आणि काही शब्दांत स्वर गाळायचाच नाही अशी बाईंची सक्त ताकीद आहे, 'अडॉप्ट' आणि 'अडॅप्ट' मध्ये ठिपका-डॅश लावायलाच हवा, 'पोझिशन' आणि 'ऑपोझिशन' मध्ये सुरुवातीचा स्वर हवाच, नाहीतर एका शब्दाने अर्थ उलटा होतो आणि कोर्टात तो उलटा अर्थ कुणाच्या तरी केसमध्ये जातो. ही शेवटची गोष्ट त्या इतक्या मनापासून सांगतात की मी तेव्हापासून ते दोन शब्द कधी चुकवले नाहीत.

फ्रेजेस, म्हणजे नेहमीचे शब्द जोडून एकाच खुणेत लिहिणं, हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. 'आय अ‍ॅम ऑफ द ओपिनियन दॅट', 'इन व्ह्यू ऑफ द', 'अ‍ॅट द सेम टाइम' हे पेन्सिल न उचलता एका झटक्यात. पार्टी शब्दासाठी आधीच्या शब्दातून प ची रेघ आरपार काढायची, डिपार्टमेंटसाठी ड ची. १८३७ मध्ये आयझॅक पिटमनने ही पद्धत पहिल्यांदा छापली, जवळजवळ दोनशे वर्षं होत आली आणि आजही पुण्यातल्या एका वाड्यात बारा जण 'लर्नेड काउन्सेल फॉर द पिटिशनर' एका जोडरेषेत लिहितायत, मला तरी हे फार भारी वाटतं. पण बाई स्वतः मनाने फ्रेज बनवू देत नाहीत. जी फ्रेज लिहिताना विचार करावा लागतो ती फ्रेज नाही, सुटे शब्द लिहा, असं त्यांचं म्हणणं आणि ते खरंय, मी कुठूनतरी शे-दीडशे फ्रेजेसची यादी पाठ केली होती आणि त्यातल्या निम्म्या आठवण्यातच माझा वेळ जायचा.

आवाजाचं सांगायचं राहिलं. ऑडिओचा वाचणारा एका लयीत वाचतो, खरा साहेब असा कधीच बोलत नाही, तो दोन वाक्यं थांबून थांबून आणि तिसरं एकदम १३० ने बोलणार आणि मध्येच कागद चाळताना पुटपुटणार. म्हणून इथे शनिवारी बाई वाचत नाहीत, विद्यार्थी आळीपाळीने वाचतात. एक नांदेडचा मुलगा आहे तो इतका भराभर वाचतो की स्टॉपवॉच धरूनही त्याला शंभरवर ठेवता येत नाही, एक कोकणातली मुलगी शेवटचे शब्द खाते. पंखा चालू, खिडकी उघडी, खाली रस्त्यावर रिक्षा. सुरुवातीला मला हे सगळं गैरसोयीचं वाटलं होतं. आता वकीलसाहेब फोन कानाला लावून मध्येच डिक्टेशन द्यायला लागले तरी माझं लिहून होतं.

अजून एक छोटी गोष्ट, पान उलटणं. लिहिता लिहिताच डाव्या हाताने पानाचा खालचा कोपरा वर सरकवत आणायचा, म्हणजे शेवटची ओळ झाली की पान आपोआप पडतं. आणि पानाच्या मध्ये उभी घडी घालून दोन स्तंभात लिहायचं, हात लांब न्यावा लागत नाही. यात प्रत्येक पानाला दोन-तीन शब्द सुटायचे वाचतात. हे मला इतक्या वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं.

आता जे आवडलं नाही ते.

पहिले दोन महिने फार अवघड जातात. मला परत ६० वर आणलं. ऐंशीचं सर्टिफिकेट असलेल्या मुलीला साठने बसवायचं म्हणजे काय वाटत असेल विचार करा, आणि बाई त्यावर समजावून वगैरे काही सांगत नाहीत, बस म्हणतात. आमच्या बॅचमधल्या दोघी त्याच महिन्यात सोडून गेल्या. फी महिना १२०० आणि तीन महिन्यांची एकदम आगाऊ, परत मिळत नाही, त्यांचे पैसे गेले. एक आठवडा ट्रायल ठेवली असती तर बरं झालं असतं असं मला प्रामाणिकपणे वाटतं आणि मी ते बाईंना सांगितलंय पण.

दुसरं म्हणजे मराठी. मंगळवारी मराठी डिक्टेशन असतं, पण ते इंग्रजीच्या तोडीचं नाही. उतारे सगळे जुन्या शासकीय पत्रांचे, तेच ते 'उपरोक्त विषयान्वये'. आणि मराठीचा १०० हा इंग्रजीच्या १०० पेक्षा वेगळा असतो याकडे हवं तेवढं लक्ष दिलं जात नाही असं मला वाटतं. इंग्रजीत 'ऑफ द कोर्ट' तीन शब्द, त्यातले दोन अगदी फुटकळ, मराठीत 'न्यायालयाच्या' एकच शब्द आणि 'न्यायालयासमोरील' पण एकच. सगळे प्रत्यय शब्दाला चिकटलेले. म्हणजे शंभर मराठी शब्दांत हाताला काम जास्त पडतं, आणि शेवटचा प्रत्यय नीट आला नाही तर चा-ची-चे मध्ये गोंधळ होतो. आकड्यांचं तर वेगळंच, एकोणसाठ, एकोणसत्तर, त्रेसष्ट, त्र्याहत्तर हे स्पीडमध्ये ऐकून अंकात उतरवायची स्वतंत्र सवय करावी लागते. मी ती घरी करते, आई भाजी निवडता निवडता आकडे म्हणते आणि मी लिहिते, रोज दहा मिनिटं. फक्त मराठीसाठी जाणार असाल तर हा क्लास मी सुचवणार नाही.

तिसरं, कॉम्प्युटर नाही. ट्रान्सक्रिप्शन घरून हाताने किंवा टाइप करून आणायचं. राज्याच्या परीक्षेवाल्यांना ठीक आहे पण जे एसएससीच्या (दहावी नव्हे, केंद्राचा कर्मचारी निवड आयोग) स्टेनोग्राफर परीक्षेची तयारी करतात त्यांना तिथे ग्रेड डी ला दहा मिनिटं ऐंशीने म्हणजे ८०० शब्द लिहून ते कॉम्प्युटरवर ५० मिनिटांत उतरवायचे असतात, हिंदी घेतलं तर ६५ मिनिटांत, आणि ग्रेड सी ला १०० चा स्पीड आणि वेळ उलट कमी, इंग्रजीला ४० मिनिटं. तो सराव घड्याळ लावूनच करायला हवा, तो इथे होत नाही. मी ऑफिस सुटल्यावर तिथल्याच मशीनवर आठवड्यातून दोनदा करते. यात एक सांगून ठेवते, ट्रान्सक्रिप्शन त्याच दिवशी करू नका नेहमी. एखादा उतारा तीन दिवस ठेवून मग उतरवा, तेव्हा डोक्यात काही उरलेलं नसतं, फक्त वहीवर जे आहे तेच वाचावं लागतं आणि कुठली आउटलाइन खरंच नीट आहे ते तिथे दिसतं. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मला वेळ वाया घालवल्यासारखं वाटलं होतं. आता आठवड्यातला माझा सगळ्यात उपयोगी तास तोच आहे.

सुट्टी पडली की ते डिक्टेशन गेलं, रेकॉर्डिंग देत नाहीत. यावर बॅचमध्ये नाराजी आहे, मला मात्र बाईंचं पटतं कारण रेकॉर्डिंग मिळायला लागलं तर मी परत तेच पंधरा ऑडिओ ऐकत बसेन.

माझा निकाल सांगायचा तर सात महिन्यांनी नवीन उताऱ्यावर १०० ने पाच मिनिटं लिहून माझ्या सहा-सात चुका निघतात, त्यातल्या बऱ्याच स्पेलिंगच्या आणि एकवचन-अनेकवचनाच्या. दहा मिनिटांचा उतारा घेतला तर सातव्या मिनिटानंतर अजून हात जड होतो, पेन्सिल फार दाबून धरते म्हणून, त्यावर काम चालू आहे. १०० ची परीक्षा अजून द्यायचीय, या वेळी फॉर्म भरलाय. पाचपैकी मी साडेचार देईन, अर्धा मराठीसाठी कापला.

तुम्ही कुठेही डिक्टेशनची बॅच लावणार असाल तर पहिल्या भेटीत तुमची भरलेली वही घेऊन जा आणि समोर ठेवा. समोरचा ती उघडून वाचायला सांगतो का बघा. आणि तिथे आधीपासून बसणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला विचारा की कालचा उतारा वाचून दाखवशील का, न अडखळता वाचला तर फी भरा. या बॅचमध्ये जागा सहसा परीक्षा झाल्या की होते, गुरुवारी क्लास बंद असतो, आणि वाड्याचा जिना अंधारा आहे तर मोबाईलचा टॉर्च लावून चढा.